अंगठा तोच, पण बाई तीच आहे का?

पत्राचा सारांश

सांगलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या मॅडमचं पत्र आहे. कॉलेजच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्या आणि भौतिकशास्त्राचे एक सर परीक्षक आहेत. गुणपत्रकात चार रकाने आहेत : वैज्ञानिक आधार, आशय, व्यक्तिचित्रण, भाषा. प्रत्येकी २५ गुण. शेवटच्या फेरीत दोन कथा उरल्या आहेत. पहिली मंगळावरच्या वसाहतीतल्या तिघांची, तिच्यातलं विज्ञान सरांच्या मते चोख आहे. दुसरी अकरावीतल्या एका मुलीची. पुढच्या शतकात कृष्णा खोऱ्यातली सगळी धरणं एक यंत्र चालवतं. पूर आला की शहर वाचवायला कुठल्या शिवारात पाणी वळवायचं हे यंत्रच ठरवतं, पण कायद्यानं त्यावर एका माणसाचा अंगठा लागतो. तो अंगठा यमुना देते. वीस वर्षं देत आली आहे. शेवटी यंत्र तिच्या माहेरचं गाव निवडतं. म्हातारी आई तिथंच राहते. यमुना अंगठा देते आणि कथा संपते.

सरांचं म्हणणं, कोयनेचं पाणी सांगलीत अर्ध्या तासात पोचलेलं दाखवलंय, वर यंत्र एका ठिकाणी ‘मला वाईट वाटतं’ असं म्हणतं, त्यामुळे ही विज्ञानकथाच नव्हे. मॅडमना कथा आवडली आहे, पण त्या अडल्या आहेत. त्या लिहितात : “यमुना पहिल्या पानावर अंगठा देते आणि शेवटच्या पानावरही देतेच. मग व्यक्तिरेखेचा विकास झाला कुठं? तिनं नकार दिला असता तर मी पूर्ण गुण दिले असते. आशयाच्या रकान्यात ‘माणूस विरुद्ध यंत्र’ असं लिहिलं आणि खोडलं. ही मुलगी माझ्याच वर्गातली. २०१९ च्या पुरात तिच्या घरात पाणी होतं. त्यामुळे मीच हळवी होतेय का, हेही कळत नाही. विज्ञानकथा मी फारशा वाचलेल्या नाहीत. परीक्षकपद सोडावं का?”

उत्तर

प्रिय मॅडम,

परीक्षकपद सोडू नका. तुम्ही ‘माणूस विरुद्ध यंत्र’ लिहून खोडलंत, एवढ्यावरूनच कळतं की कथा तुम्ही नीट वाचली आहे. खोडल्यावर तिथं काय लिहायचं, एवढाच प्रश्न उरलाय. तुम्ही सोबत त्या कथेच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. ती दोन पानं शेजारी शेजारी ठेवून मी पुन्हा पुन्हा वाचली. त्यांच्यापासूनच सुरुवात करू.

पहिल्या पानावर यमुनाच्या डाव्या हातात चहाचा कप आहे. पडद्यावर ‘क्षेत्र क्रमांक १४’ अशी अक्षरं येतात. ती उजवा अंगठा काचेवर टेकवते, हिरवा दिवा लागतो, ती चहाचा घोट घेते. सगळं मिळून दोन ओळी. आता शेवटचं पान. पडद्यावर क्षेत्राचा क्रमांकच आहे, पण यमुना तो वाचत नाही. ती गावाचं नाव मोठ्यानं उच्चारते, खोलीत दुसरं कुणी नसताना. मग अंगठा लावते. लाल दिवा. पुन्हा लावते, लाल. तिसऱ्यांदाही लालच. रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून ताटकळलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, त्यामुळे हे वाचताना कुणालाही खोटं वाटणार नाही. मग यमुना काच पुसते, पदराच्या टोकानं अंगठा पुसते आणि चौथ्यांदा टेकवते. हिरवा. या प्रसंगाला त्या मुलीनं अर्धं पान दिलंय.

मॅडम, तीन वेळा लाल दिवा लागला तेव्हा यमुनाला उठून घरी जाता आलं असतं. ‘यंत्रानं अंगठा घेतला नाही’ असं सांगितलं असतं तर कुणी तिला बोल लावला नसता. तिनं पदरानं अंगठा पुसला. पहिल्या पानावरच्या बाईला हे करावं लागलं नव्हतं आणि लागलं असतं तर तिनं ते चहा न ठेवता केलं असतं. कृती तीच आहे. कृतीआधी तिला काय माहीत आहे आणि कृतीची किंमत कोण मोजणार आहे, हे पूर्ण बदललंय. व्यक्तिरेखेचा विकास शोधायचा तो इथं.

आपण वर्गात शिकवताना नकळत एक सवय लावतो. कंजूष माणूस उदार झाला, भित्रा धीट झाला, की मुलं लिहितात ‘व्यक्तिरेखेचा विकास झाला’. परीक्षेत तेवढ्यावर भागतं. पण माणसं अशीच बदलतात का? पुष्कळदा माणूस तेच करत राहतो आणि ते करणं त्याला दिवसेंदिवस जड जातं. कधी तो तसूभरही बदलत नाही, आपल्यालाच तो उशिरा कळतो. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये कादंबरीवर व्याख्यानं दिली, त्यांत पात्रांचे सपाट आणि गोल असे दोन प्रकार सांगितले होते. गोल पात्राची त्यांची कसोटी अशी, की ते पात्र आपल्याला पटेल अशा रीतीनं चकित करतं का? पदरानं अंगठा पुसणाऱ्या यमुनानं मला चकित केलं आणि ते मला पटलंही. ‘तिनं नकार दिला असता तर’ हे तुमच्या मनात आलं ते स्वाभाविक आहे. तसा शेवट झाला असता तर वाचक म्हणून आपली सुटका झाली असती. त्या मुलीनं ती होऊ दिलेली नाही आणि सोळाव्या वर्षी एवढा संयम मला फार मोठा वाटतो.

आता आशयाचा रकाना. ‘माणूस विरुद्ध यंत्र’ हे चूक नाही, पण ते शेकडो कथांना लागू पडेल. जे सगळ्यांना लागू पडतं ते या कथेबद्दल काहीच सांगत नाही. एक साधा प्रयोग करून बघा. कथेतली नवी कल्पना काढून टाका आणि काय कोसळतं ते पाहा. इथं यंत्राच्या जागी एक वरिष्ठ अधिकारी ठेवा. तो ठरवतो, यमुना सही करते. लगेच काय होईल? गाव मोर्चा घेऊन येईल, अधिकाऱ्याला घेराव पडेल, त्याची बदली होईल. रागाला एक तोंड मिळेल. यंत्राला घेराव घालता येत नाही. म्हणून सगळा राग, सगळं पाप त्या एका अंगठ्यापाशी येऊन साचतं, जरी ठरवण्यात त्या अंगठ्याचा काहीच भाग नाही. निर्णय तिचा नाही, पण अंगठा तिचा आहे. मग जबाबदार कोण? मला विचाराल तर हे कथेचं सूत्र आहे आणि ते यंत्राशिवाय उभंच राहत नाही. ज्या कथेतून विज्ञान काढल्यावरही सगळं जसंच्या तसं उभं राहतं, तिच्यात ते विज्ञान वरून चिकटवलेलं असतं.

सूत्र प्रश्नाच्या रूपात लिहायची सवय ठेवा, तुम्हीही आणि विद्यार्थ्यांनीही. ‘यंत्रावर अवलंबून राहू नये’ असं लिहिलं की ते तात्पर्य होतं आणि तात्पर्य हाती आलं की वाचणारा पुस्तक मिटतो. ‘न घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी कुणाची?’ असं लिहिलं की पुन्हा कथेत शिरून पुरावा शोधावा लागतो. शेवटच्या पानावरच तो आहे. आईचा फोन येतो. आई एवढंच विचारते, ‘किती फूट?’ सांगलीत ऑगस्ट महिन्यात फोनवर आधी हेच विचारतात. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ असतं आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते पाणी ५७ फुटांच्या वर गेलं हेही कुणी विसरलेलं नाही. यमुना आईला आकडा सांगते. अगदी खरा सांगते. गावाबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही. एक खरा आकडा आणि त्याच्यामागे दडवलेली एवढी मोठी गोष्ट! यमुनाही त्या क्षणी यंत्रासारखीच वागली, की आईला शेवटचा एक बिनघोर तास दिला? दोन्ही वाचनं करता येतात. गुण देताना अशा जागेचा उल्लेख करून द्या, म्हणजे ते कशाबद्दल दिले हे सरांनाही कळेल.

सरांचं काय करायचं? माझं मत तुम्हाला कदाचित अनपेक्षित वाटेल. सरांच्या दोन्ही हरकती बरोबर आहेत आणि त्या तुमच्या बाजूच्या आहेत.

कोयना धरणातून सोडलेलं पाणी कोयना नदीतून कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं, तिथून भिलवडी, औदुंबर करत सांगलीला येतं. त्याला अर्धा तास पुरत नाही, पुष्कळ तास जातात. म्हणून तर वर किती क्युसेक विसर्ग सोडला हे ऐकून इथली माणसं उद्याच्या पाण्याचा अंदाज बांधतात, सामान माळ्यावर टाकतात, जनावरं हलवतात. मुलीनं अर्धा तास लिहिला, कारण तिला कथा पटकन संपवायची होती. पण हा हिशेब दुरुस्त केला तर यमुनाचं काय होतं, बघा. अंगठा दिला संध्याकाळी. पाणी आईच्या उंबऱ्याला लागणार दुसऱ्या दिवशी. मधली सगळी रात्र यमुनाकडे आहे. गाव हलवायची सूचना यंत्र देणार की नाही? ती स्वतः गावाला जाईल? आईला पुन्हा फोन करेल की फोन बंद करून ठेवेल? ड्यूटी संपल्यावर घरी जाऊन जेवेल? त्या रात्रीत ही बाई काय करते, यावरून ती आपल्याला जितकी कळेल तितकी दुसऱ्या कशानंच कळणार नाही. विज्ञानातल्या एका चुकीनं व्यक्तिचित्रणातली सगळ्यात मोठी जागा झाकून ठेवली आहे. विज्ञानकथेत हे असं असतं, मॅडम. एका रकान्यातली उणीव दुसऱ्या रकान्यात दुखते.

दुसरी हरकत यंत्राच्या वाक्याची. ‘मला वाईट वाटतं’ असं यंत्र एकदाच म्हणतं, आधी-मागे त्याचा काही पत्ता नाही. सर म्हणतात यंत्राला भावना कुठून आल्या. मी म्हणेन, आल्याच असतील तर यमुनाच्या खांद्यावरचं ओझं अर्ध्यावर आलं. वाईट वाटून घेणारं दुसरं कुणीतरी त्या खोलीत आहे मग. कथेचा सगळा जोर यावर आहे की तिथं दुसरं कुणीच नाही. ते वाक्य काढायलाच हवं. सरांचं कारण वेगळं, तुमचं वेगळं, दुरुस्ती एकच.

मंगळाची कथा मी वाचलेली नाही, तुमच्या पत्रावरूनच बोलतो. तुम्ही लिहिता की पृथ्वी आणि मंगळ यांच्यातल्या निरोपाला लागणारा वेळ त्या मुलानं अचूक दाखवला आहे. खरोखरच ग्रहांच्या अंतराप्रमाणे एकेरी निरोपाला सुमारे ३ ते २२ मिनिटं लागतात, म्हणजे एका साध्या प्रश्नाचं उत्तर यायला पाऊण तासही जाऊ शकतो. सरांनी त्याचे गुण द्यावेत, ते रास्तच आहेत. पण पुढचं तुमचंच वाक्य आहे : वसाहतीतला एक जण बायकोला मुलाच्या ऑपरेशनबद्दल विचारतो आणि पुढच्याच ओळीत उत्तर येतं, ‘सर्व ठीक’. मधली ती मिनिटं लेखकानं मोजली, पात्रानं भोगली नाहीत. एका कथेत उशीर चुकलाय, पण त्या उशिराची गरज असलेलं माणूस तिथं आहे. दुसऱ्या कथेत उशीर बरोबर आहे आणि त्यात कुणी बसलेलं नाही. तिघांचे संवाद नावं झाकून वाचा. कोण बोलतंय हे ओळखता येत नसेल, तर व्यक्तिचित्रणाचे गुण कुठं जातात हे सांगायला नको.

विज्ञानकथा वाचलेल्या नाहीत म्हणून संकोचू नका, पण एक जरूर वाचा : मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’. १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली, लिहायला घेतली तेव्हा लेखिका अठरा वर्षांची होती. हे तुमच्या विद्यार्थिनीलाही आवर्जून सांगा. त्यात निर्जीव देहात प्राण कसे आले याबद्दल जवळजवळ काही सांगितलेलं नाही. पानंच्या पानं आहेत ती त्या जन्माला घातलेल्या जिवाबद्दल, ज्याला त्याचा निर्माता पहिल्याच रात्री सोडून पळाला. तो जीव एका झोपडीला लागून असलेल्या आडोशाला लपतो, फटीतून आतल्या कुटुंबाकडे बघत बघत बोलायला शिकतो, रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून टाकतो. एक दिवस धीर करून घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्यापुढे जाऊन बसतो. म्हातारा मायेनं बोलतो. तेवढ्यात बाकीचे परत येतात, त्याचं रूप बघतात आणि त्याला मारून हाकलतात. सरपण आणणारा पुढे सूडाला पेटतो आणि आपण त्याला दोष देताना अडखळतो. ‘विज्ञानकथेत कल्पनाच असते, माणसं नसतात’ असं तुमच्या स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, तर हा प्रसंग सांगा.

राहिला हळवेपणाचा प्रश्न. तो तुम्ही विचारलात याबद्दल मला आदर वाटतो. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली होती आणि तिला पहिला क्रमांक मिळाला. नावाच्या वजनावर कथा तोलली जाऊ नये म्हणून एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञानं ही काळजी घेतली. नाव झाकण्याची गरज मोठ्या नावांना असते तशी ओळखीच्या नावांनाही असते. पुढच्या वर्षी कथांवर फक्त क्रमांक घाला, हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून टाइप करून घ्या. यंदा उशीर झालाय. तर सरांना सरळ सांगा की ही माझ्या वर्गातली मुलगी आहे आणि एका तिसऱ्या शिक्षकाला दोन्ही कथा नावाशिवाय वाचायला द्या.

आणि पूर? मुलीच्या घरात पाणी आलं होतं याचे गुण देऊ नका, कापूही नका. पानावर जे उतरलंय तेवढंच बघा. शेवटच्या पानावर यमुनाला माहेरच्या भिंतीवरची जुन्या पुराची रेघ आठवते, ती रंगवायची नाही असं आईनं बजावलेलं असतं. ही रेघ त्या मुलीनं पाहिलेली असेल. पण ती कथेत कुठं ठेवायची, हे तिनं लेखक म्हणून ठरवलंय. पहिल्या पानावर असती तर नुसतं वर्णन झालं असतं. तिसऱ्या लाल दिव्यानंतर ती रेघ येते. गुण त्या जागेचे द्या.

तिसरं वाचन झालं की सरांबरोबर बसा, पण आधी दोघांनी आपापले गुण कागदावर लिहून मगच तोंड उघडा. आधी चर्चा झाली की ज्याचा आवाज मोठा त्याचे गुण जिंकतात. वैज्ञानिक आधाराच्या रकान्यात पुराच्या कथेचे गुण मोकळ्या मनानं कापू द्या, तिथं भांडू नका. रकाने जाहीर झालेले आहेत, यंदा ते बदलू नयेत. पुढच्या वर्षी मात्र वैज्ञानिक आधार आणि व्यक्तिचित्रण यांच्यामध्ये आणखी एक रकाना घालायची सूचना मांडा : कथेतल्या नव्या कल्पनेमुळे पात्राला काय करावं लागलं, काय सोडावं लागलं? स्पर्धेआधी हाच प्रश्न मुलांच्या हातात पडला तर निम्म्या कथा आपोआप सुधारतील. माझं मत विचारलंत म्हणून सांगतो, गुण कापूनही मी पहिला क्रमांक यमुनालाच देईन.

निकाल काहीही लागो, त्या मुलीला बोलावून घ्या. शक्य असेल तर सरांनाही सोबत बसवा. पाण्याचा हिशेब सरांनी समजावू दे, नकाशा काढून, धरणापासून पुलापर्यंत. तो तिला कळला की तुम्ही एकच विचारा, ‘मग त्या रात्री यमुना काय करते?’ उत्तर सुचवू नका. एखादा प्रसंग तुमच्या मनात तयार झाला असेल, माझ्याही झालाय, पण तो आपला. तिला आठवडाभर वेळ द्या आणि मधली पानं पुन्हा लिहून आणायला सांगा.